त्रेचाळीस इंची चेहरा

घटस्थापनेच्या आसपास आमच्या दारात पडणारं वर्तमानपत्र एकदम जाड होतं. बातम्या तेवढ्याच असतात, जाहिराती वाढतात. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि पानभर टीव्ही. प्रत्येक टीव्हीच्या पडद्यावर एखादा पोपट नाहीतर हिरवागार डोंगर, खऱ्या पोपटानं लाजावं असा रंगीत. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजत असतं. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, हवा मधेच अडकून बसलेली. रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग, सीताफळांच्या पाट्या. आणि ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुम्ही तो स्वस्तातला फोरके टीव्ही घेतला होता ना? घ्यावा का हो?"

मी सल्ला देते. पडद्यापासून किती लांब बसता ते बघा, घरात केबल आहे की इंटरनेट ते बघा, दुरुस्तीवाला गावातच मिळतो का ते आधी विचारा. हे सगळं मला त्या एका दसरा-दिवाळीत पाठ झालं. एवढं बारकाईनं का पाठ केलं होतं, ते मात्र मी कुणाला सांगत नाही.

शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या एका केंद्रात मी नोकरी करते. पिकांवरचे रोग हा माझा विषय. माणसं पिशवीत पानं घालून आणतात, टेबलावर ओततात, मी भिंग लावून डाग बघते आणि काय फवारायचं ते सांगते. कांद्याचा करपा, आल्याची कूज, कपाशीचा लाल्या. डाग बघण्यातच माझं निम्मं आयुष्य गेलं. मग कधीतरी माझ्याच उजव्या हाताच्या बोटांवर पांढरे ठिपके उठले. ते मनगटापर्यंत सरकले, मग डाव्या हातावरही आले. त्यानंतर डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी एक, ओठाच्या कडेला एक. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, दुखणार नाही, कुणाला लागणार नाही, काळजी करू नका. हे मला त्यांच्याआधी ठाऊक होतं. मी तर रोज लोकांना समजावते की प्रत्येक डाग म्हणजे रोगराई नसते. आरशासमोर त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही.

डाग झाकायच्या मलमाची ट्यूब मी घरातल्या कुणाला न सांगता आणली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लावायची. नळाला पाणी येण्याचा दिवस असला की पंचाईत व्हायची, कारण मग सगळं घरच पहाटे उठून हंडे, पिंपं, बादल्या घेऊन पळायचं. अशा दिवशी मी पदर तोंडावर ओढून पाणी भरायची. बाहेर मात्र सोपं होतं. आमच्या शहरात उन्हापायी सगळ्याच बायका चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून गाड्या चालवतात. त्या गर्दीत मीही एक.

घरी आम्ही तिघं. मी, माझा नवरा विलास आणि सासूबाई. त्यांना मी आईच म्हणते. त्या पिशोर गावच्या. तिथली शेती थोरले दीर बघतात. गुडघे धरल्यापासून आई आमच्याकडे शहरात, सिडकोत असतात. आईंनी मला डागांबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. पण पिशोरला दिरांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा फोटोला उभं राहताना त्यांनी माझा दंड धरून मला अलीकडून पलीकडे केलं. माझी डावी बाजू त्यांच्या खांद्याआड गेली. फोटो छान आला. नवरीची ओटी भरायला बायकांना हाका मारल्या गेल्या, तेव्हा माझं नाव कुणी घेतलं नाही. घाईत राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि जेवणाच्या पंगतीत वाढायला लागले. मांडवात तेव्हा मक्याची कणसं भाजल्याचा वास भरला होता. अजून तो वास आला की मला घास गिळवत नाही.

तर त्या वर्षी पितृपक्षात एका मराठी वाहिनीवरून फोन आला. त्यांचा शेतीचा कार्यक्रम होता, त्यात रब्बीच्या पिकांवर काही भागांत मी बोलावं असं त्यांचं म्हणणं होतं. चित्रण आमच्याच शहरात, दसऱ्यानंतर. वरिष्ठांनी परस्पर होकार कळवून टाकला होता. मी घरी सांगितलं तेव्हा विलासनं हातातला रिमोट खाली ठेवला आणि आमच्या जुन्या टीव्हीकडे असं बघितलं, जसा काही त्या टीव्हीनं आजच एखादा गुन्हा केला होता.

त्या टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात हिरवट धब्बा पडला होता. तिथून जाणारं प्रत्येक माणूस घटकाभर हिरवं व्हायचं. बातम्या सांगणारी बाई, मंत्री, नट, सगळे हिरवे. मला तो टीव्ही फार आवडायचा. विलास म्हणाला, यावर तुला बघायचं का? मग रोज रात्री जेवणानंतर तो मोबाइलवर टीव्हींची परीक्षणं ऐकत बसायला लागला. त्रेचाळीस इंची, फोरके, आणि आपल्याला झेपेल असा. तो वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वस्तू घेताना दहादा विचार करणारा माणूस, पण या वेळी त्याचं मन आधीच ठरलेलं होतं.

विरोधाला मी उभी राहिले. मीही वाचायला लागले, ऐकायला लागले. स्वस्तातला फोरके म्हणजे नावाला फोरके. पडद्यावर ठिपके भरपूर असतात, पण उजेड कमी पडतो. काळा रंग राखाडी दिसतो. आपली बैठक केवढी, एवढ्या जवळून फरक कळणार तरी आहे का. केबलचं चित्र मुळातच साधं असतं, ते मोठ्या पडद्यावर ताणलं की उलट फिसकटतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. वर्षभरात पडदा गेला तर दुरुस्तीपेक्षा नवा घ्यावा लागतो. यातलं काहीही खोटं नव्हतं. खोटं एवढंच होतं की माझी अडचण यातली कुठलीच नव्हती. विलास शांतपणे ऐकायचा, एकेका शंकेचं उत्तर शोधून आणायचा. मी नवी शंका काढायची.

शेवटी तो मला क्रांती चौकाजवळ नईमभाईंच्या दुकानात घेऊन गेला. नईमभाई त्याचे जुने मित्र. दसऱ्याची खरेदी चालू होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच चित्र. नईमभाईंनी आम्हाला स्टुलं दिली आणि हवा तो टीव्ही दाखवला. माझ्या सगळ्या शंका मी त्यांच्यापुढे ओतल्या. ते हसले. "भाभी, सच बोलतो. ये दुकान का व्हिडिओ हाय. घरी केबल लावली की एवढं साफ नाय दिसणार. पन इंटरनेटवर एक नंबर दिसतंय. पैसा वसूल."

तेवढ्यात भिंतीवरची फुलं गेली आणि एका बाईचा चेहरा आला. नुसता चेहरा, पडदा भरून. पापणीचा केस न् केस. गालावरची छिद्रं. ओठावरची लव. शेजारचं कुणीतरी म्हणालं, बघा, बाईचा तीळसुद्धा लपत नाही. विलास हसला आणि काहीतरी बोलायला माझ्याकडे वळला. माझा स्कार्फ गळ्यात होता, ऊन लागून घाम आला होता, मलम ओघळलं असणार. त्याची नजर माझ्या ओठाच्या कडेला गेली आणि खाली गेली. मग त्यानं नईमभाईंना सांगितलं, विचार करून येतो.

परत जाताना सिग्नलला गाडी थांबली. मान न वळवता विलास म्हणाला, "राहू दे, सुमन. जुना चालतोय अजून."

मागच्या सीटवर मी स्कार्फ गच्च धरून बसले होते. इतकी वर्षं मी समजत होते की माझं हे झाकणं त्याला दिसत नाही. निदान लक्षात येत नाही. त्याला ट्यूब माहीत होती, पहाटेचं उठणं माहीत होतं, आणि गेल्या कित्येक रात्री मी ज्या शंका काढत होते त्या कशाच्या होत्या, तेही आता कळलं होतं. आणि हे कळल्यावर त्यानं इतका सुंदर बहाणा माझ्या हातात ठेवला होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी टोमणा मारला असता तर सोसलं असतं. त्याचं ते समजून घेणं सोसवेना. घरी पोचताच मी म्हणाले, घेऊन टाक तो टीव्ही, मला केबलचीच तेवढी शंका होती.

दसऱ्याला टीव्ही आला. आईंनी त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली, समोर आपट्याची पानं ठेवली. जुना टीव्ही भंगारवाल्याच्या गाड्यावर गेला, तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली बघितलं नाही.

चित्रणाच्या दिवशी मेकअप करणाऱ्या मुलीनं माझ्या चेहऱ्यावर नेहमीचाच हात फिरवला असता. मीच तिला म्हणाले की जरा जाड लावा, घरी मोठा टीव्ही आलाय. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिला समजलं. तिनं काम चोख केलं. आरशात मला कितीतरी दिवसांनी माझा एकसारखा चेहरा दिसला. मला रडू येईल असं वाटलं, पण मेकअप बिघडला असता. मग दिव्यांपुढे बसून मी कांद्याच्या करप्यावर बोलले. पात हातात धरून डाग कुठून सुरू होतो, कसा लांबत जातो, ते दाखवलं. कॅमेरा जवळ आला होता. मला वाटलं, पातीसाठी आला.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी शेजारपाजारचे लोक आमच्या बैठकीत जमले. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघराच्या दारात. कार्यक्रम सुरू झाला आणि कुणालाच काही नीट दिसेना. केबलचं चित्र मोठ्या पडद्यावर पसरलं होतं. सूत्रसंचालक पाण्यात बुडाल्यासारखा, मी त्याच्याशेजारी एक लालसर साडी. विलास घामाघूम होऊन सेटिंग बदलत होता. रंग वाढले, कमी झाले, चेहरा काही आला नाही. "आवाज तर तिचाच हाय," आई म्हणाल्या. सगळे हसले. माझा जीव असा हलका झाला, जसा ताप उतरावा. मग मी विलासकडे बघितलं. हिरमुसला होता तो. महिनाभर ज्या एका गोष्टीसाठी तो झटला, ती बिघडली होती, आणि मी दारात उभी राहून सुटले म्हणत होते. कपबशा गोळा करताना मला त्याच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं तोच भाग इंटरनेटवर शोधून टीव्हीवर लावला. त्या दिवशी मला पळायला जागा नव्हती. भर दुपारी पडदे ओढून आम्ही तिघं बसलो. चित्र लख्ख आलं. माझा चेहरा गुळगुळीत, देवळातल्या मूर्तीला नवा रंग द्यावा तसा. विलास पुढे सरकून बघत होता. आई खूश होत्या. "लई उजळ दिसतीया," त्या म्हणाल्या. मग सूत्रसंचालकानं पात माझ्या हातात दिली आणि अख्ख्या पडद्यावर दोन हात आले. बोटांवर, नखांभोवती, मनगटावर पांढरं पसरलेलं. मधे मधे उरलेली सावळी कातडी. ते हात अगदी सावकाश पात उलटी करत होते, डाग दाखवत होते.

"हात ते कुणाचे?" आईंनी विचारलं.

विलास म्हणाला, "तिचेच."

पडद्यावर माझा आवाज फवारणीचं प्रमाण सांगत राहिला. आई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. त्या दिवसापासून कुणी पाहुणा आला आणि विलास माझा भाग लावायला निघाला की आई म्हणायच्या, ते नको, दुसरं काही लाव. रागानं नाही. लग्नातल्या फोटोत त्यांनी मला जसं खांद्याआड घेतलं होतं, तसंच.

मला त्यांचा राग आला नाही. रोज पहाटे मी स्वतःशी दुसरं काय करत होते?

दिवाळी तोंडावर आली होती. गच्च्यांवर आकाशकंदील लागले, कुठल्यातरी घरातून चकली तळल्याचा वास यायचा. ऑफिसात फोन आला. वैजापूरकडच्या एका बाईंचा. त्यांनी कांद्याच्या रोपाबद्दल विचारलं, मी सांगितलं. तरी त्या फोन ठेवीनात. मग म्हणाल्या, माझी पोरगी बारावीला हाय, तिला तुमच्याशी बोलायचंय. तिलाबी तुमच्यासारखंच हाय.

पोरीचं नाव कोमल. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हणाली, "मॅडम, तुमचे हात दिसले. तोंडावर दिसलं नाय. तोंडाला काय लावता? मलाबी सांगा."

समोर एक शेतकरी पानं घेऊन बसला होता. मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तिला सांगता आलं असतं, बाळ, काही लावू नकोस, लाजायचं काय त्यात. असली वाक्यं मला कितीतरी येतात. कुठल्या तोंडानं सांगणार होते? म्हणून म्हणाले, आईला घेऊन ये एकदा, समोरासमोर बोलू.

दोघी आल्या, नेमक्या पुढच्या चित्रणाच्या दिवशी सकाळी. कोमलच्या आईच्या हातात कांद्याच्या रोपांची पिशवी, कुणी विचारलं तर सांगायला. कोमलनं चेहऱ्याला स्कार्फ बांधलेला, खोलीत आल्यावरही सोडला नाही. मी दार लोटलं. मग कोपऱ्यातल्या बेसिनशी गेले आणि साबणानं चेहरा धुतला. कधी कुणासमोर धुतला नव्हता. पाणी टिपलं आणि तिच्याकडे वळले.

तिनं नीट बघितलं. डोळ्याचा कोपरा, ओठाची कड. मग म्हणाली, "एवढंच?"

तिच्या आईनं तिला दटावलं. कोमलनं स्कार्फ सोडला. कपाळापासून गळ्यापर्यंत सगळं पांढरं होतं, भुवयासुद्धा. तिच्या गावात, तिच्या कॉलेजात, त्या चेहऱ्यानं ती रोज वावरत होती. आणि भिंगाखाली दिवसभर डाग बघणारी मी, माझी नजर आधी खाली गेली. विलासची गेली होती तशीच. तिनं ते पाहिलं. तिला सवय असावी.

मी तिला ट्यूबचं नाव सांगितलं. उन्हात ओघळते तेही सांगितलं, आणि हेही सांगितलं की आमच्या शहरात यावर चांगले डॉक्टर आहेत, आधी त्यांना दाखव. तिघींनी चहा घेतला. बारावीनंतर तिला शेतीच्याच शिक्षणाला जायचं होतं. निघताना दारात थांबून तिनं विचारलं, "आता परत लावणार व्हय?" तिची आई म्हणाली, चल, मॅडमला काम हाय.

दुपारी स्टुडिओत मेकअपच्या मुलीनं डबा उघडला. म्हणाली, मागच्या वेळी हात राहिले होते, दिग्दर्शक साहेबांनी या वेळी हातांनाही लावायला सांगितलंय.

"हात राहू द्या," मी म्हणाले.

ती थांबली. "आणि चेहरा?"

आरशात माझा धुतलेला चेहरा होता. एवढंच, असं म्हणण्याजोगा. मी पुष्कळ वेळ बघत राहिले. बाहेरून कुणीतरी हाक मारली, दिवे लागलेत, चला. विलास हा भाग बघणार होता. आई बघणार होत्या. पिशोरचं सगळं घर बघणार होतं.

"चेहऱ्याला लावा," मी म्हणाले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तो भाग लागला. पुन्हा दोन हात पडदाभर आले, या वेळी हरभऱ्याचं रोप धरून. आई उठून गेल्या नाहीत. थोडा वेळ बघून म्हणाल्या, बोलती चांगली. विलास माझ्याकडे बघून हसला. मला त्या दोघांच्या मध्ये बसणं जड झालं होतं, तरी मी बसले.

कार्यक्रम संपल्यावर फोन वाजला. कोमल होती. हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल काहीबाही विचारलं, दिवाळीचा फराळ झाला का विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, हात चांगले दिसले."

चेहऱ्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही नाही.